लागलं होतं

मी एक जुनी बॅडमिंटनची बॅग आहे. हे ऐकून ‘अरेरे, बिचारी!’ म्हणणार असाल, मित्रांनो, तर आत्ताच उठून गेलात तरी चालेल. मला कीव नको. कीव करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. ती एका हाताने डोळे पुसतात आणि दुसऱ्या हाताने आपल्याला अडगळीत ढकलतात. मी निम्मे जग फिरले आहे. विमानतळांच्या सरकत्या पट्ट्यांवर आपटले गेले आहे, हॉटेलांच्या पलंगाखाली धूळ खाल्ली आहे. एवढे फिरून माणसांबद्दल माझे मत काही फारसे चांगले झाले नाही. ते का, तेच सांगते.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझे पट्टे शिवणाऱ्या बाईने त्यांवर दुहेरी टाके घातले. मुकादम म्हणाला, “एकेरी पुरे.” ती मान वर न करता म्हणाली, “वजन तुम्ही उचलणार आहात का?” तो पुढे गेला. त्यानंतर इतके सरळ बोलणारे माणूस भेटायला मला बराच काळ वाट पाहावी लागली.

मला विकत घेतले एका चष्मेवाल्याने. त्याचे दुकान खाली आणि घर वर. त्याला आई नसलेली दोन मुले होती, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. सगळ्या शहराची नजर हा माणूस तपासायचा, पण स्वतःच्या घरात त्याला एकच मूल दिसायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी मुलासाठी आले होते. तो उंच, दांडगा आणि उडी मारून स्मॅश मारणारा. त्याने मारलेले शटल जमिनीवर आदळले की हॉलमधली माणसे ‘वा!’ म्हणत. माणसांना आवाज आवडतो. ढोल आत पोकळ असतो, हे त्यांना ढोल फुटल्यावर कळते.

मुलीला सगळे ताई म्हणत. भाऊ म्हणायचा म्हणून शेजारीपाजारी म्हणू लागले, पुढे संघातले खेळाडूही. ती खेळायला आली तीसुद्धा भावाला सरावाला समोर कोणीतरी हवे म्हणून. तो मारायचा आणि ही परतवायची. मारणाऱ्याला टाळ्या आणि परतवणारीला ‘जरा पाणी आण गं.’ त्यांच्या कोच बाई मात्र डोळे उघडे ठेवून बसलेल्या असत. एके दिवशी त्या म्हणाल्या, “हिला समोरून काढा आणि याच्या शेजारी उभी करा.”

झाले, मिश्र दुहेरीची जोडी जमली. ताई नेटजवळ उभी राहायची. मनगट एवढेसे वळवायची आणि शटल नेटवरून असे अलगद पलीकडे उतरवायची की समोरच्याला ते नाइलाजाने वर उचलावे लागे. मग मागून भाऊ झेपावत येऊन ते खाली ठोकायचा. स्वयंपाक तिचा आणि ढेकर याचा. वर्तमानपत्रांनी त्याचे नाव ठेवले ‘धडाका’. तिच्याबद्दल लिहीत, ‘भावाला बहिणीची मोलाची साथ.’ साथ! साथ रोगाचीही असते.

तरीही ती वर्षे चांगली होती, हे मला कबूल करावे लागेल. दोघे राष्ट्रीय संघात आले. मग आगगाड्या गेल्या आणि विमाने आली. माझ्या एका कप्प्यात त्याच्या रॅकेटी, दुसऱ्यात तिच्या. त्याचा कप्पा तीच आवरायची. हॉटेलच्या न्हाणीघरात ती दोघांचे मोजे धुवायची आणि केस वाळवायच्या यंत्राने सुकवायची. धडाका पलंगावर पडून स्वतःचेच सामने मोबाईलवर पाहायचा.

“ताई, हा स्मॅश बघ. बघ ना!”

“मी तिथंच होते,” ती मोजा उलटा करत म्हणायची.

मग एका मोठ्या जागतिक स्पर्धेत दोघे उपांत्य फेरीपर्यंत गेले. देशातून आजवर कोणी गेले नव्हते. हॉल एवढा प्रचंड की वरची माणसे मुंग्यांसारखी दिसत होती. मी पंचांच्या उंच खुर्चीजवळ होते. म्हणजे जे घडले ते मी टीव्हीवर पाहिलेले नाही.

तिसरा गेम होता. आमच्या जोडीला जिंकायला एकच गुण हवा होता. समोरून जोरात फटका आला. दोघे बचावासाठी शेजारी शेजारी उभे होते. धडाक्याने रॅकेट उचलली, शटल बाहेर जातेय असे वाटून ऐनवेळी मागे खेचली, आणि शटल त्याच्या रॅकेटच्या कडेला पुसटसे लागून मागे गेले. टिक. एवढासाच आवाज. पण रॅकेटला लागले म्हणजे गुण समोरच्यांचा. ते रेषेबाहेर पडले. रेषेवरच्या पंचाने हात पसरून ‘बाहेर’ म्हटले, आणि सामना आमचा झाला.

धडाक्याने रॅकेट हवेत फेकली आणि जमिनीवर उताणा पडून तोंड झाकून घेतले. समोरची जोडी ‘लागलं, लागलं’ म्हणून हातवारे करू लागली. मुख्य पंचाने नकारार्थी मान हलवली. त्याला काही दिसले नव्हते.

ताई मात्र जागची हलली नव्हती. ती भावाकडे बघत होती. तो उठेल आणि सांगेल, याची ती वाट बघत होती. मीही बघत होते, पण मला आशा नव्हती. मग ती खुर्चीपाशी चालत आली आणि हात वर करून म्हणाली, “लागलं होतं. त्याच्या रॅकेटला.”

पंच वाकला. “नक्की?”

“नक्की.”

पंचाने धडाक्याला बोलावून विचारले. तो म्हणाला, “नाही.” बहीण हो म्हणते, भाऊ नाही म्हणतो. पंचाने एकदा हिच्याकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे, आणि गुण पलीकडे देऊन टाकला. बरोबरी झाली. त्यानंतर धडाक्याने एक शटल नेटमध्ये मारले आणि एक थेट बाहेर. सामना गेला.

मागच्या बोळात त्याने मला भिंतीवर फेकले. राग माणसावर असला की माणसे बॅगेला मारतात. त्यांचे शौर्य मला चांगले माहीत आहे.

“तुला कुणी विचारलं होतं?” तो ओरडला.

“कुणी नाही.”

“मग?”

“मग काय? लागलं होतं.”

“मला लागल्याचं कळलं नाही आणि तुला कळलं?”

ताईने त्याच्याकडे नीट पाहिले. “तुला कळलं होतं,” ती म्हणाली. “लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हा असाच तोंड झाकून पडला होतास.”

परतीच्या प्रवासात तो तिच्यापासून दूरच्या खुर्चीवर बसला.

आता ऐका मोठ्या माणसांची गोष्ट. परतल्यावर बॅडमिंटन संघटनेने एक समारंभ केला. अध्यक्षांनी खिलाडूवृत्तीवर इतके लांब भाषण केले की पहिल्या रांगेतले दोघे घोरू लागले. ताईला लाकडी चौकटीतले एक मानचिन्ह दिले. “आम्हांला तुमचा अभिमान आहे,” असे अध्यक्ष सर्वांदेखत म्हणाले. आणि पुढच्या दौऱ्याचा संघ ठरला तेव्हा धडाक्याशेजारी दुसरीच एक उंच मुलगी होती. अभिमान वाटणे आणि संघात घेणे ही दोन वेगळी खाती असतात, मित्रांनो. पहिले खाते नेहमी उघडे असते.

ताईला हे सांगायचे धैर्य धडाक्याला झाले नाही. त्याने वडिलांना पुढे केले. वडील जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, “तू आता थोडी विश्रांती घे.”

“कुणी थकलंय का?” ताईने विचारले.

पाणी पिण्याचे आवाज तेवढे आले.

धडाक्याने बाहेर मात्र तोंड चांगलेच उघडले. टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्याने त्या गुणाबद्दल विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “ताई माझी मोठी बहीण आहे, मी काय बोलू? तिची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.” वा रे पठ्ठ्या! जिने धुतलेले मोजे पायात, तिलाच आंधळी ठरवून मोकळा.

त्याच सुमारास एका कंपनीने त्याला चकचकीत नवी बॅग दिली आणि माझी रवानगी दुकानाच्या मागच्या खोलीत झाली. तुटक्या फ्रेमांची खोकी, पुसायच्या चिंध्या आणि मी. त्या खोलीतच वडील लोकांची नजर तपासत. भिंतीवर अक्षरांचा फलक होता. वर मोठे अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी.

एका सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद असताना, वडील ताईला घेऊन तिथे आले.

“बस जरा खुर्चीवर,” ते म्हणाले.

तिला कळले. तिचा चेहरा असा झाला की मला वाटले, आता ही उठून जाईल. पण ती बसली. वडिलांनी तिचा डावा डोळा झाकला. तिने सगळ्यात खालची ओळ वाचली. त्यांनी उजवा झाकला. तिने तीच ओळ उलट्या बाजूने वाचली. वडिलांनी भिंगे बदलली, दिवा कमी केला, पुन्हा वाढवला. शेवटी तीच म्हणाली, “बाबा, ओळीच्या खाली छापखान्याचा पत्ता आहे. तोही वाचू?” आणि तिने वाचला.

वडिलांनी दिवा बंद केला. “नजर ठीक आहे,” ते म्हणाले. एखाद्याला आजार निघाल्यावर होतो तसा त्यांचा आवाज झाला होता.

“मग?”

“मग काही नाही. चल, जेवायला चल.”

म्हणजे त्या क्षणी त्यांना सगळे कळले होते. मुलगा खोटे बोलतोय, हे त्यांच्याच फलकाने त्यांना सांगितले होते. तरी ते जेवायला गेले! मित्रांनो, ज्याला दिसत नाही त्याच्यावर मी रागावत नाही. ज्याला दिसते आणि जो जेवायला जातो, त्याच्यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत. आणि तुमच्याही घरात कोणी हात वर करून काही सांगत असेल, तर त्याचे डोळे तपासायला घेऊन जाऊ नका. आधी स्वतःचे कान तपासा.

ताई दारापर्यंत गेली, परत आली, आणि तिने मला खोक्यांतून ओढून काढले. मला झटकले, उलटे करून आपटले, त्याच्या कप्प्यातला जुना टॉवेल काढून टाकला. त्या दिवसापासून मी तिची झाले.

ती कोच बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, “तुझ्याबरोबर खेळायला कोणी तयार नाही. सगळे घाबरतात. न जाणो, त्यांचंही खरं सांगशील.”

“कोणीच नाही?”

“एक डावरा आहे. त्याच्याबरोबरही कोणी तयार नाही.”

डाव्या हाताने खेळणारा हा डावरा म्हणजे अजब प्रकरण होते. हातात जादू आणि पायांत शिसे. शिवाय प्रत्येक फटक्यानंतर ‘सॉरी’ म्हणायची खोड. चुकला तरी सॉरी, ताई चुकली तरी सॉरी, एकदा तर खांबाला धडकून खांबाला सॉरी म्हणाला. मला तो पहिल्याच दिवशी डोक्यात गेला.

ताई पहिला आठवडा गप्प राहिली. मग म्हणाली, “सॉरी म्हणायला जेवढा वेळ घालवतोस ना, तेवढ्यात मागं पोचशील.”

“सॉरी,” तो म्हणाला, आणि स्वतःच जीभ चावून मागे पळाला.

दोघांनी तळापासून सुरुवात केली. ज्या गावांची नावे नकाशावर शोधावी लागतात तिथल्या स्पर्धा. थंडगार हॉल, गळके छप्पर, कोर्टावर पाणी ठिबकले की खेळ थांबवून फडके मारायचे. प्रेक्षकांत तीन म्हाताऱ्या आणि एक झोपलेला पहारेकरी. एके ठिकाणी बसचा संप होता म्हणून दोघे मला आळीपाळीने उचलून स्टेशनपर्यंत चालत गेले. संघटनेने पाठ फिरवली होती, अभिमान तेवढा शिल्लक ठेवला होता.

पण हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. डावरा स्मॅश मारायच्या आधी ताई कुठे आहे ते बघायचा. धडाक्याने हे कधी केले नव्हते. आणि ताई, जी आजवर दुसऱ्याला वाढून देत आली होती, ती आता स्वतः मारू लागली. नेटवर शटल जरा उंच आले की सपकन खाली! पहिल्यांदा तिने असा गुण मिळवला तेव्हा तीच दचकली. डावरा म्हणाला, “हे तुला येत होतं?” ती म्हणाली, “मला काय माहीत?”

जिंकता जिंकता ती दोघे इतकी वर आली की संघटनेला डोळेझाक करता येईना. पुन्हा ती जागतिक स्पर्धा आली. देशातून एकच जोडी जाणार होती, आणि ती ठरवायला सामना लावला गेला. एका बाजूला धडाका आणि उंच मुलगी, दुसऱ्या बाजूला ताई आणि डावरा. वडील प्रेक्षकांत मधोमध बसले होते, जणू रेषा आखून.

धडाक्याने पहिल्यापासून ताईच्या अंगावर मारायला सुरुवात केली. खांद्यावर, पोटावर, तोंडावर. समोर सगी बहीण आहे याची त्याला लाज वाटत नव्हती, आणि समोर कोण आहे याची आठवणही राहिली नव्हती. अरे मूर्खा, तुझा स्मॅश तू जिच्यावर शिकलास तीच ही! तुझा खांदा वळला की शटल कुठे येणार, हे तिला तुझ्याआधी ठाऊक! ती पाय न हलवता, नुसते मनगट वळवून शटल उंच मुलीच्या मागे टाकत राहिली. उंच मुलगी धावली, चुकली, आणि धडाका तिच्यावर खेकसला. पुन्हा चुकली, पुन्हा खेकसला. मध्यंतरात ती त्याला म्हणाली, “ओरडायचंच असेल तर एकटा खेळ.” ती मुलगी मला तेव्हा आवडली. ती वाईट नव्हती. वाईट जागी उभी केली गेली होती.

ताई आणि डावरा जिंकले. शेवटच्या गुणाला ना उडी ना आरोळी. डावऱ्याने सवयीने तोंड उघडले, ताईने बोट वर केले, आणि त्याने ‘सॉरी’ गिळली.

धडाका हात न मिळवता निघून गेला. माणसे पांगू लागली. ताई मला आवरत होती. वडील पायऱ्या उतरून जवळ आले, तेवढ्यात संघटनेचे तेच अध्यक्ष मध्ये आले आणि वडिलांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “अभिनंदन! पण खरं सांगू? त्या वेळी हिनं ते नाटक केलं नसतं ना, तर आज दोन्ही पोरं एकत्र असती.”

वडिलांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

“हिची नजर मी स्वतः तपासली आहे,” ते म्हणाले. “हिला दिसलं म्हणजे लागलंच होतं. तुमची तपासायची असेल तर उद्या दुकानात या.”

अध्यक्षांना अचानक कोणीतरी ओळखीचे दिसले आणि ते तिकडे गेले. माझ्या चेनवरचा ताईचा हात थांबला होता. वडील म्हणाले, “मला आधीच बोलायला हवं होतं.”

“हो,” ताई म्हणाली. ‘असू दे, बाबा’ असे ती म्हणाली नाही. मला ते फार बरे वाटले.

जागतिक स्पर्धेत दोघे उपांत्य फेरीत हरले आणि कांस्यपदक घेऊन आले, ताईचे हे दुसरे. त्याची कथा करत नाही. ती वर्तमानपत्रांनी केली, आणि त्यात चार चुका होत्या. पुढची काही वर्षे दोघे खेळले. मग ताईचा गुडघा बोलू लागला. तिने खेळ सोडला आणि कोच बाईंच्याच हॉलमध्ये मुलांना शिकवायला लागली. धडाक्याचा खांदा त्याआधीच गेला होता. तो आता दुकानात बसून लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघतो. माझा उपयोग जुनी, पिसे झडलेली शटले भरायला होतो. मुले मला लाथेने सरकवतात. आजकालच्या मुलांबद्दलचे मत मी राखून ठेवते.

मागच्या महिन्यात धडाका हॉलवर आला. केस विरळ, पोट पुढे. संघटनेच्या नव्या इमारतीत काचेचे कपाट केले आहे, त्यात जुन्या खेळाडूंच्या वस्तू ठेवणार आहेत, असे त्याने सांगितले. “माझी जुनी बॅग हवी आहे त्यांना. तुझ्याकडेच आहे ना?”

माझी! मी पट्ट्यांपर्यंत शहारले. ताईने मला रिकामे केले आणि त्याच्यापुढे ठेवले.

“पाटीवर काय लिहिणार?” तिने विचारले.

“तेच. नाव... आणि त्या उपांत्य सामन्याचं. या बॅगेनं तो सामना पाहिला, वगैरे.”

“पाहिला खरा.”

तो मला उचलून दारापर्यंत गेला. तिथे थांबला. त्याचे बोट माझ्या पट्ट्याच्या टाक्यांवरून पुढेमागे होत होते. बाहेर मुले हसत होती. मग तो परत फिरला आणि त्याने मला बाकावर ठेवले.

“राहू दे,” तो म्हणाला. “असली पाटी हिच्यावर लावता येणार नाही मला.” आणि तिच्याकडे न बघता पुढे म्हणाला, “का, ते तुला माहीत आहे.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “चहा घेणार?”

“घेतो.”

मित्रांनो, याला कबुली म्हणायचे का? धड माणसे याला कबुली म्हणणार नाहीत. पण या माणसाकडून यापेक्षा जास्त निघणार नव्हते, आणि ताईने ते हातात घेतले. मी असते तर घेतले नसते. म्हणून ती ताई आहे आणि मी बॅग.

चहा होईपर्यंत ती माझ्यात शटले परत भरत होती. चेन मध्येच अडकली. धडाका म्हणाला, “दे इकडे, ओढतो.” ती म्हणाली, “थांब.” तिने चेन थोडी मागे घेतली, आत बोट घालून दातांत सापडलेले अस्तर बाजूला केले, आणि मग ओढली. लागली.

म्हणून जाता जाता एक विनंती. अडकलेली चेन कधी जोर लावून ओढू नका. आत काहीतरी सापडलेले असते, ते आधी सोडवा. एवढे केलेत तरी पुष्कळ झाले. बाकी तुमच्याकडून माझ्या फारशा अपेक्षा नाहीत.